पेढ्याच्या काचेवरचा भाव

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीत शाळा सुटली, तेव्हा अर्ध्या वेलांट्या तिथंच राहिल्या. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागते, कारण माझ्या अक्षरानं एकदा अठराशे रुपये खाल्ले आहेत.

येरमाळ्याला हायवेवर एका काकूंचं पेढ्याचं दुकान आहे. तिथं मी झाडलोट करते, भांडी घासते. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं. चैत्राच्या यात्रेआधी काकू म्हणाल्या, "काउंटरच्या काचेवर भाव लिही गं. ठळक लिही." दुकानातला पेन वाळला होता. मी स्टेशनरीत नवा आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, "पुसायचा देऊ का पक्का?" परक्या माणसाशी बोलायची मला लाज. मी नुसती मान हलवली. कशाला हलवली ते मलाही सांगता येणार नाही. त्यानं पक्का दिला.

यात्रा संपली, भाव उतरला, पण काचेवर यात्रेचाच भाव. गिऱ्हाईक वाचायचं आणि मागं फिरायचं. काकू लातूरला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मी येईस्तोवर ते पुसून ठेव."

ओलं फडकं फिरवलं, साबण लावला. अक्षर हललं नाही. मग मला माझी हुशारी आठवली. करपलेली कढई मी वाळूनं घासून आरशासारखी करते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. समोर बांधकामाची वाळू पडली होती. मूठभर आणली आणि अंगात आल्यासारखी घासत सुटले. अक्षर अर्धं गेलं, पण काच पांढुरकी झाली. आतले पेढे धुक्यात बसल्यासारखे दिसायला लागले.

काकूंनी काढून टाकलं तर दुसऱ्या दारात उभं राहून तोंडानं काम मागावं लागणार. मला ते उपाशी राहण्याहून अवघड.

तेवढ्यात काकूंची सून आली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"मावशी, कशानं घासलं हे?"

"वाळूनं."

"अहो, काच वाळूचीच करतात! वाळू वितळायला लई जाळ लागतो, म्हणून सोडा घालतात. नुसता सोडा घातलेली काच पाण्यात विरघळंल, म्हणून वर चुना. पण वाळूचा कण काचेपेक्षा कडक. ओरखडा पडणारच."

वाळू, सोडा, चुना. तिन्ही माझ्या रोजच्या हाताखालच्या वस्तू, आणि काच म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं.

तिनं पर्समधून सॅनिटायझर काढलं, कापसावर घेतलं आणि उरलेल्या अक्षरावर फिरवलं. काळा रंग कापसावर आला. म्हणाली, "काचेत शाई मुरत नाही, नुसती वर चिकटून बसते. पाण्याला ती दाद देत नाही, स्पिरिटात विरघळते." दोन मिनिटांचं काम. मी दुपारभर घासत होते.

संध्याकाळी काकू आल्या. काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पेढा इकायचाय का लपवायचाय गं?"

"चुकलं, काकू."

"कुणाला इचारायचं तरी!"

"लाज वाटली."

"आता न्हाय वाटत व्हय?"

सून हसली, मग काकूही हसल्या. मला काढलं नाही. पण नव्या काचेचे अठराशे झाले, ते पगारातून महिन्याला दोनशे कापायचं ठरलं. मीच तसं म्हणाले. एवढं लांब वाक्य मी दुकानात पहिल्यांदाच बोलले असेन.

नऊ महिने ती काच मी सुती फडक्यानं अशी पुसली, जशी लेकराचं तोंड पुसावं. गेल्या पगाराला काकूंनी शेवटचे दोनशे कापले आणि म्हणाल्या, "फिटले बघ सगळे."