कानामागचा ठिपका

बावीस वर्षं ती पार्लरवाली लोकांचे पांढरे केस काळे करत आली होती. कलप लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या कानामागे त्याचा ठिपका लावायचा आणि खाज-सूज येते का ते दोन दिवस बघायचं, हा तिचा नियम. कुणी नाक मुरडलं तरी ती बधत नसे.

पण त्या सकाळी खुर्चीत तिची नणंदच बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची नोकरीची मुलाखत होती, तीही पन्नाशीत, पहिलीच. ठिपक्याचं नाव काढताच तिने तोंड फिरवलं.

"घरच्या माणसाला कसले नियम, वहिनी?"

ते पार्लरवालीला लागलं. तिने वाटीत कलप कालवला.

दुपारी नणंदेचा फोन आला. कपाळाला खाज सुटली होती आणि थांबत नव्हती. कलपाचं खोकं पिशवीत टाकून पार्लरवाली तिच्या घरी धावत सुटली. ती पोचेपर्यंत पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. तिने नणंदेचं डोकं नळाखाली धरून खसखसून धुतलं, तरी ओठ सुजतच चालले. मग नणंदेने घशाला हात लावला.

"श्वास अडकतोय गं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत एका नावावर बोट ठेवलं: पीपीडी. केसांना पक्का काळा रंग देणारं रसायन. बहुतेकांना ते सोसतं. पण एकदा का अंगाला त्याचं वावडं झालं, की पुढच्या वेळी जिवावरही बेतू शकतं. पूर्वी कधी त्रास झाला होता का, असं त्यांनी विचारलं. नणंदेला सहलीत हातावर काढून घेतलेलं तात्पुरतं काळं गोंदण आठवलं. आठवडाभर खाजत होतं. त्यातही बहुधा हेच असणार, असं त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर पार्लरवाली गुडघे आवळून बसली. तासाभराने श्वास मोकळा झाल्याचं कळलं, तेव्हा कुठे ती आत गेली आणि तिला रडू फुटलं.

"मी तुमचं ऐकायलाच नको होतं, वन्सं."

नणंद जड ओठांनी म्हणाली, "त्या ऑफिसात फोन कर. आठ दिवस माग."

पार्लरवालीने कसलीही थाप न मारता सगळं सांगितलं. पुढची तारीख मिळाली. कपाळाची सालं निघत असतानाच नणंद मुलाखतीला गेली आणि नोकरी घेऊनच आली.