नंदाची नऊ बिनपगारी वर्षं

फ्रिजच्या दारात चिली सॉसची पाकिटं कशी साठतात? कुणी मुद्दाम आणत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या नंदाचे किस्से असेच साठलेत. सिंगापूरला बिशानच्या पार्कात दर शनिवारी सकाळी आम्ही चार मराठी मैत्रिणी चालायला जातो. चालणं वीस मिनिटं आणि मग हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी दीड तास! त्यातला तासभर तरी नंदाचा.

नंदा इथे अकाउंटंट होती. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंना, म्हणजे माईंना, अर्धांगाचा झटका आला आणि हिने नोकरी सोडली. चोपन्नावं लागल्यावर तिने हौसेने आपलं सीपीएफ उघडून पाहिलं. सीपीएफ म्हणजे इथली म्हातारपणाची सोय. पगार चालू असला की दरमहा भर पडते आणि पुढे त्यातूनच महिन्याला पैसे मिळतात. नंदाच्या खात्यात नऊ वर्षांत व्याजाशिवाय काही नाही! तिने घाबरून नवऱ्याला विचारलं, "शिरीष, पासष्टीनंतर माझ्या हातात येणार तरी काय?"

शिरीष म्हणाला, "आता नाही पडली भर, तर काय करणार? तू घरीच होतीस ना!"

तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये शिरीषचं नाव 'घरीच होतीस' असंच पडलंय.

*

मग नंदाने नोकरी शोधायला घेतली. तुआसच्या एका ऑफिसात इंटरव्ह्यू. समोर तिशीतला चिनी मॅनेजर. त्याने विचारलं, "गेल्या काही वर्षांतली तुमची सगळ्यात मोठी अचीव्हमेंट?"

नंदा म्हणाली, "माझ्या सासूबाई पुन्हा चालायला लागल्या."

त्याने फाइल मिटली आणि खुर्ची पुढे ओढली. हिला वाटलं, झालं काम!

नोकरी नाहीच मिळाली. फिजिओथेरपिस्टचा नंबर मात्र त्याने स्वतःच्या आजीसाठी लिहून घेतला.

*

शिरीष स्वतः बँकेत. दिवसभर गिऱ्हाइकांना रिटायरमेंटचं प्लॅनिंग समजावतो. घरी नंदाने विषय काढला की, "बघू गं!"

एकदा जेवताना त्यांची लेक रेवा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू कॅन टॉप-अप मम्मीज अकाउंट, लाह! माय फ्रेंड्स फादर ऑल्सो डू."

शिरीष म्हणाला, "बाळा, आपल्या घरात माझं-तुझं असं काही नसतं."

"देन व्हाय युअर्स सो फॅट, मम्मीज सो थिन?"

शिरीषने निमूट आणखी आमटी वाढून घेतली.

*

आणि हा दिवाळीचा. पाडव्याला नंदा शिरीषला ओवाळते आणि तो तबकात काहीतरी सोन्याचं घालतो. या वर्षी नंदाने आधीच बजावलं होतं, "सोनं नको, माझ्या खात्यात भर घाल." मी फराळाला गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलंय.

शिरीषने तबकात घडी केलेली टॉप-अपची पावती ठेवली. चेहऱ्यावर असा भाव, की जणू राज्यच दिलं!

माई वॉकर धरून उभ्या होत्या. पुण्याच्या शाळेतल्या निवृत्त बाई, पेन्शन अजून चालू. त्यांनी विचारलं, "हे काय रे?"

शिरीष म्हणाला, "माई, इथे नोकरदाराच्या खात्यात दरमहा थोडे त्याच्या पगारातले पडतात, थोडे मालक भरतो. हिला नोकरीच नव्हती, म्हणून मी माझ्याकडून घातले."

"नोकरी नव्हती?" माई सावकाश खुर्चीत बसल्या. "नऊ वर्षं मला अंघोळ कुणी घातली? औषधं? पाय चोळणं? हात धरून त्या लिफ्टपर्यंत रोज कोण चालवायचं?"

नंदाने तबक खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. खरं सांगते, माझेही डोळे भरून आले.

माई म्हणाल्या, "रेवा, माझं चेकबुक आण. हिची मालकीण मी. मालकाचा हिस्सा माझ्या पेन्शनमधून जाईल."

मग नंदाकडे वळून म्हणाल्या, "आणि उद्यापासून आठ दिवस तुला भरपगारी रजा. बदली कामगार म्हणून शिरीष येईल."