शनिवारी चोच कापत नाहीत

आमच्याकडे चार मराठी माणसं जेवायला जमली, की भाजी वाढायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुलभा, ती हळदीची गोष्ट सांग ना!" अहो, तीच ती किती वेळा सांगू? पण नव्वदच्या दशकातली पाच वर्षं ब्लॅकटाउनच्या प्राण्यांच्या दवाखान्यात काढली, की गोष्टी मुद्दाम गोळा कराव्या लागत नाहीत. सोफ्यावर मांजराचे केस साठतात तशा त्या साठत जातात. झटकल्या तरी दोन-चार चिकटून राहतातच.

आधी माझं गाऱ्हाणं ऐका, म्हणजे पुढचं कळेल. मी मुंबईत जनावरांची डॉक्टर होते. सात वर्षं गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत म्हशींच्या मागे फिरले, लाथा खाल्ल्या, मध्यरात्री रेडकं ओढून काढली. विलासला सिडनीत नोकरी लागली म्हणून आलो आणि इथे कळलं की इथली परीक्षा पास होईपर्यंत माझी डिग्री भिंतीवर लावायच्या कामाची. तोवर मी नर्स. नर्स म्हणजे धरणारी. आमचे मोठे डॉक्टर कॉलिन, सहा फुटी, प्रेमळ, पण एका बाबतीत पक्के. पाखरू टेबलावर आलं की म्हणायचे, "यू होल्ड, आय ट्रिम." चोचीला लागायची ती छोटी कानस मला हातात मिळायची नाही.

मी विलासला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "ती कानस मी डॉक्टर म्हणूनच हातात घेणार. किती वर्षं लागायची ती लागू देत." तो म्हणाला, "अगं, कानसच हवी तर हार्डवेअरच्या दुकानातून आणून देतो की!" नवरे असेच असतात.

*

त्या काळात आपल्या लोकांच्या घरी बजी फार. भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही, मुलांना काहीतरी हवंच असतं, मग आणा बजी. बजी म्हणजे मुठीत मावेल एवढासा पोपट. त्याची चोच आपल्या नखांसारखी आयुष्यभर वाढत असते. चावून, घासून ती झिजत राहते. झिजली नाही किंवा शरीरात काही बिघडलं, की लांबत जाते, आत वळते, आणि पाखराला दाणा सोलता येत नाही. भरल्या वाटीसमोर बिचारं उपाशी मरतं.

तर ती हळदीची गोष्ट. पेंडल हिलचं एक तरुण जोडपं आलं. दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघंही रडवेले. बजीच्या चोचीवर खरबरीत पांढरे खवले आले होते. बारीक किडे असतात ते, चोचीचा आकारच बिघडवतात. रिसेप्शनवरच्या शेरिलने कार्ड काढलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "डार्ल, इथे तर ब्लू बजी लिहिलंय. हा ग्रीन आहे. तुम्ही दुसराच पक्षी आणलात का?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग नवरा हळूच मला मराठीत म्हणाला, "आईंनी फोनवर सांगितलं होतं, जखमेला हळद लावा. मग आम्ही खोबरेल तेलात कालवून लावली. सगळीकडे."

निळ्यात पिवळं! शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलेलं इथे सिद्ध झालं. तेल पिसांना लागलं की पाखराला थंडी बाधते, म्हणून मी आणि शेरिलने त्याला कोमट पाण्याने तीनदा पुसलं, किड्यांचं औषध दिलं. महिन्याभराने चोच सुधारली, पण शेपूट हिरवट ती हिरवटच राहिली. शेरिलने कार्डावर पेनाने दुरुस्ती केली, "ब्लू, मोस्टली."

*

दुसरे आमचे लोपीस अंकल. वसईचे, कारखान्यात टूलमेकर, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट घरी दुरुस्त होते असं त्यांचं ठाम मत. एका सकाळी आले. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेल लाल. पिंजऱ्यात कॉकाटील, म्हणजे तुरेवाला पोपट, मजेत शीळ घालत बसलेला.

शेरिल उभीच राहिली. "हू इज द पेशंट, मेट?"

"तो!" अंकल पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "चोच वाढलीय त्याची. मी कापायला गेलो."

मी म्हटलं, "अंकल, त्याला तर काहीच झालेलं नाही."

"मला हात लावूच दिला नाही ना त्याने! आधी मलाच कापलं मेल्याने!"

बरंच झालं. चोचीच्या आत रक्तवाहिनी असते. जरा जास्त कापलं तर एवढ्याशा जिवाचं रक्त थांबता थांबत नाही. मी पोपटाची चोच प्रकाशासमोर धरून त्यांना ती बारीक तांबडी रेघ दाखवली. अंकलनी चोचीजवळ डोळा नेला. मग म्हणाले, "वायरिंग आतून नेलंय होय! आधी सांगायचं नाही?" त्यानंतर त्यांनी चोच कापायचा नाद सोडला आणि पोपटाला घासायला उंबराची फांदी कुठे मिळेल याचा शोध सुरू केला. शेवटी युकॅलिप्टसवर भागवलं.

*

आता माझी फजिती. परीक्षेला पहिल्यांदा बसले तेव्हा मी जाडजूड पुस्तकं पाठ केली होती. पहाटे उठून, ओट्याशी उभी राहून, एका हाताने पोळ्या लाटत. परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारलं, "बजी आहे. चोच वाढली आहे. काय कराल?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! रोज तेच तर बघत होते. पाखरू कसं धरायचं, छाती दाबायची नाही, दाबली तर श्वास बंद. टोक किती कापायचं, कानस कशी फिरवायची, रक्त आलं तर काय दाबायचं. धडाधड सांगून टाकलं.

परीक्षक म्हणाले, "छान. पण ती वाढली कशामुळे?"

मी काय करावं? घाबरून पुन्हा पहिल्यापासून कापायची रीतच सांगायला लागले! त्यांनी शांतपणे वही मिटली.

घरी आले. विलासने दार उघडलं आणि माझा चेहरा बघितला. मीच म्हटलं, "पोपटाच्या प्रश्नावर माझाच पोपट झाला."

तो हसला. मग मीही हसले, आणि मग जी रडले ती विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या परीक्षेचा फॉर्म मागवला.

*

त्याच सुमाराला आमच्याकडे टिपणीस आजी आल्या. क्वेकर्स हिलला मुलाकडे राहायच्या. त्यांचा बजी राघू. चोच अशी वाढलेली की टोक छातीला लागत होतं. सोबत मुलगा आणि आठ वर्षांची नात. वार शनिवार, कारण मुलाला बाकी दिवस सवड नाही.

मी राघूला धरलं, कॉलिननी कानस उचलली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांबा! आज शनिवार. शनिवारी नखं काढत नाहीत."

मुलगा म्हणाला, "आई, नखं नाहीत ती, चोच आहे."

नात म्हणाली, "आज्जी, इट्स जस्ट अ बीक!"

आजींनी दोघांनाही बाजूला सारलं आणि मला विचारलं, "अगं नर्सबाई, तू खरं सांग. चोच कशाची असते?"

आता खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "आजी, नखं ज्याची असतात त्याचीच."

झालं! आजींनी पिंजरा उचलला. कॉलिननी मला विचारलं, "व्हॉट डिड यू टेल हर?" मी म्हटलं, "द ट्रूथ."

जाता जाता आजी दारात थांबल्या. "तू मराठी, शिकलेली दिसतेस. मग नुसती धरतेस कशाला?" मी सांगितलं, मुंबईत डॉक्टर होते, इथली परीक्षा राहिलीय. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग पास हो की! राघूची चोच तूच काप. हे गोरे लोक वार बघत नाहीत." म्हणाल्या आणि गेल्या. मला मात्र दिवसभर ते 'नर्सबाई' टोचत राहिलं.

*

बुधवारी बघते तर आजी एकट्या हजर! नऊवारी, पायात मुलाचे स्पोर्ट्‌स शूज, कडेवर पातळात गुंडाळलेला पिंजरा. इंग्रजीचा गंध नाही.

"आजी, आलात कशा?"

"बसने. ड्रायव्हरने बोटं करून विचारलं, किती जण? मी म्हटलं, वन पेन्शनर, वन पोपट. तो म्हणाला, नो वरीज. बसले."

त्यानंतर दर दीड महिन्याने बुधवारी आजी आणि राघू. दर वेळी आत येताच पहिला प्रश्न, "लागला का गं निकाल, नर्सबाई?" मी नकारार्थी मान हलवायची. त्या म्हणायच्या, "धर मग आजच्या दिवस."

मला मात्र एक प्रश्न सुटेना. परीक्षकाचाच. ती दर दीड महिन्याने वाढते कशामुळे? राघूच्या चोचीवर काळपट डाग होते, आणि स्वारी गुटगुटीत. मी कॉलिनना म्हटलं, "मला लिव्हर वाटतंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, राघूला हातात घेतलं, पोट चाचपलं, आणि रक्ताचा थेंब तपासायला पाठवला. लिव्हरच निघालं.

"आजी, राघू खातो काय?"

"काय खाणार? गरिबाचं खाणं. शेंगदाणे, आणि माझ्या पोळीचा कोर."

"पोळीला तूप?"

"मग काय कोरडी देऊ?"

शेंगदाणे बंद, तूप बंद, पालेभाजी सुरू. आजींनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. अडलं ते शेवटी. पिंजऱ्यात घासायला कटलफिशचं हाड लावा म्हणून कॉलिननी सांगितलं, आणि आजी ताडकन उठल्या. "फिश? आमच्या देवघरासमोर टांगतात पिंजरा!"

दोन बुधवार मी समजावलं. नाही म्हणजे नाही. तिसऱ्या बुधवारी ते पांढरं हाड मी हातात घेऊन बघत बसले होते आणि एकदम आठवलं, माझ्या आजोळी वैद्यांच्या डब्यात हेच असायचं! पूड करून कानदुखीला घालायचे. आजींच्या हातात दिलं. "आजी, हे ओळखता?"

त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "अगं बाई! हा तर समुद्रफेस!"

"तोच. हा चालतो ना?"

"न चालायला काय झालं? औषध आहे ते! तो म्हातारा उगाच फिश-फिश करत होता." आणि कॉलिनकडे वळून, अगदी समजावून, "नो फिश. समुद्रफेस!" कॉलिन बिचारे पुढे कित्येक वर्षं सगळ्या पेशंटना 'समुद्राफेस' लिहून द्यायचे.

दीड महिन्यावरून राघू तीन महिन्यांवर आला.

*

दुसऱ्यांदा परीक्षा. या वेळी प्रॅक्टिकलला माझ्यासमोर टेबलावर खरा बजी, लांब चोच, आणि शेजारी लखलखीत कात्री नि कानस मांडलेली. परीक्षक बाई हाताची घडी घालून उभ्या. माझे हात शिवशिवत होते हो! तीन वर्षं ज्या कानसेसाठी झुरले ती समोर, आणि कुणी 'यू होल्ड' म्हणायला नाही.

मी हात मागे घेतले. पाखराचं वजन केलं. चोचीवर खवले आहेत का ते पाहिलं, डाग पाहिले, पोट चाचपलं. खायला काय देतात ते विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही ट्रिम करणार नाही?"

मी म्हटलं, "आधी ती का वाढली ते कळू दे. द बीक विल वेट."

त्यांनी नुसतं लिहून घेतलं. घरी येईपर्यंत मी स्वतःलाच विचारत होते, हट्टाने याही वेळी घालवलं की काय!

*

निकालाचं पत्र एका शुक्रवारी आलं. विलासने ते तीनदा मोठ्याने वाचलं आणि मी तीनदा रडले. शनिवारी सकाळी दवाखान्यात गेले, तर शेरिलने माझ्या नावाच्या बिल्ल्यावर काळ्या मार्करने पुढे 'डॉ.' लिहून ठेवलेलं. कॉलिननी ती कानस माझ्या खिशात सरकवली.

साडेनऊला दार उघडलं. टिपणीस आजी! मागे मुलगा, मागे नात, कडेवर पिंजरा. विलासने लोपीस अंकलना कळवलं होतं, आणि अंकलनी रात्रीच आजींना फोन करून बातमी फोडली होती.

आजींनी पिंजरा टेबलावर ठेवला, पातळ बाजूला केलं, राघूला बाहेर काढलं आणि पदर खोचून कॉलिनना म्हणाल्या, "यू होल्ड."

कॉलिननी मुकाट्याने धरलं.

मी कानस हातात घेतली आणि एकदम थबकले. "आजी, अहो, आज शनिवार!"

"मला वार कळत नाहीत होय?" आजी म्हणाल्या. "नखं काढायला वार बघतात. ऑपरेशनला कुठला आलाय वार? तुम्ही करा सुरू, डॉक्टर!"