माहेरचं नाव

"माहेरचं पूर्ण नाव काय तुमचं?"

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत नव्याने आलेल्या कुठल्याही बाईला काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. कुठल्या कंपनीत आहात, घर मिळालं का, मुलाला किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली का, हे बाकीचे विचारत. काका खिशातून चार घड्या घातलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा काढून उभे राहायचे. एखादीचा नवरा उत्साहाने मधेच उत्तर द्यायला लागला, तर काका त्याच्याकडे बघतही नसत. "तुम्ही थांबा हो जरा. त्यांचं त्यांना सांगू दे."

मलाही विचारलं होतं, दिवाळीच्या फराळाच्या रांगेत. मी सांगितलं. "आईचं माहेरचं?" तेही सांगितलं. "आजीचं?" इथे माझं घोडं अडलं. आजीला आम्ही आजीच म्हणायचो. काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "बघा," ते म्हणाले, "दोन पिढ्यांत बाई संपली."

मला रागच आला. सणासुदीला हे काय बोलणं! अर्थात तेव्हा मला कशाचाही राग यायचा. नवीन देश, नवीन नोकरी, पोटात मूल आणि रोज पोस्टाच्या पेटीत कुठल्या ना कुठल्या कार्यालयाचं पत्र. थकव्यालाच मी स्वभाव समजायला लागले होते.

परदेशातल्या प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. कुठला फॉर्म कुठे मिळतो, कुठल्या कागदाचं भाषांतर लागतं आणि कुठल्याचं लागत नाही, हे त्याला पाठ असतं. काका तसे होते. मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून ऐन तारुण्यात जर्मनीत आले, इथेच निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा हॅम्बर्गला असायचा. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

आमच्या इराचा जन्म झाला तेव्हा नोंदीसाठी आम्ही श्टांडेसआम्टमध्ये गेलो. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्याची नोंद करणारं हे ठिकाण. काका सोबत आले, मी बोलावलं नसताना. मी सवयीने फॉर्मवर लिहिलं होतं, इरा महेश आणि पुढे आडनाव. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"महेश हे तर पुरुषाचं नाव आहे ना? मुलीला?"

"तिच्या वडिलांचं आहे," मी म्हणाले.

"हो, पण मग मुलीला का?"

ओल्या बाळंतिणीला विचारायचा हा प्रश्न आहे का? माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. काकांनी शांतपणे कागद काढला आणि पेन्सिलीने दोन चौकोन, एक बाण आणि त्याखाली एक छोटा चौकोन काढला, मापं टाकायचीच काय ती बाकी. बाईंनी तो निरखून पाहिला. "आख झो," अस्सं होय, अशा सुरात त्या म्हणाल्या, आणि कागद फाइलला लावून टाकला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "जर्मन माणसाला वाक्य पटत नाही. ड्रॉइंग दाखवलं की गेनाऊ, एकदम बरोबर."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले, म्हणजे त्यांच्या कामाला जुंपली गेले.

त्यांचं काम काय, तर बायका शोधणं. असं म्हटलं की आमचा महेश खो खो हसायचा, पण दुसरं काय म्हणणार? लोक आपापली वंशावळ घेऊन त्यांच्याकडे येत. मूळ पुरुष, त्याचे चार मुलगे, त्यांचे मुलगे, असा सगळा पुरुषांचा वटवृक्ष. काका तो पसरून म्हणायचे, "छान. आता यांना कोणी जन्म दिला ते बघू." मग फोन करायला लावायचे. नाशिकच्या मावशीला, सांगलीच्या चुलत आत्याला. लोक वैतागायचे. काकांशी बोलायचं म्हणजे पुढचे दोन रविवार गेले, असं सगळे म्हणायचे. पण करायचेही. एकीच्या आजेसासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हा प्रश्न ऐकून आधी पदर तोंडाला लावला, मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "कमळी. पण कुणाला सांगू नका हं." लग्नाला साठ वर्षं होऊन गेली होती आणि बाई अजून दाराकडे बघत होत्या.

ही विद्या काका जर्मन म्हाताऱ्यांकडून शिकले. दर शनिवारी चर्चच्या एका हॉलमध्ये पूर्वज शोधणारी मंडळी जमायची. त्यांना जुनी वळणदार जर्मन अक्षरं लावता यायची, काकांना सुबक तक्ते काढता यायचे. तुझं मी करतो, माझं तू कर, असा मामला. "आधी घरचे कागद, मग घरची म्हातारी माणसं, मग सरकारी दप्तर," हा क्रमही तिथलाच. तिथून परतताना ते हमखास उदास असत. "अगं, बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव, तिच्या बापाचं नाव, पोर हातात धरून उभ्या राहिलेल्या बाईचंसुद्धा नाव! चारशे वर्षांपूर्वीची गिरणीवाल्याची बायको यांना सापडते. आणि मला..." वाक्य तिथेच राहायचं.

ते वाक्य पुरं झालं एका बसस्टॉपवर. बस चुकली होती, पुढची वीस मिनिटांनी होती. एरवी काका वेळापत्रकावर रागावले असते. त्या दिवशी ते बाकावर बसले आणि म्हणाले, "मी आठ वर्षांचा असेन. पितृपक्षातली नवमी होती."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. वडील पाटावर बसले होते. गुरुजींनी गेलेल्या बाईचं नाव घेतलं, सरस्वती. काकांनी स्वयंपाकघरात पाहिलं, तर सरस्वती चुलीपुढे बसून त्याच श्राद्धाचे वडे तळत होती.

"मी ओरडलो, आई तर इथे आहे! माझ्या पाठीत असा धपाटा बसला." काका हसत होते. मीही हसले, आणि मग मला माझीच लाज वाटली.

त्यांना जन्म देणारी आई ते वर्षाचे व्हायच्या आतच गेली होती. वडिलांनी लगेच दुसरं लग्न केलं. तिचंही लग्नात नाव बदललं आणि पहिलीचंच ठेवलं, सरस्वती. घरच्यांच्या तोंडात तेच नाव बसलं होतं, दुसरं काही कारण नाही. "सावत्र म्हटलं तर माझी जीभ झडेल, इतकं तिने केलं माझं," काका म्हणाले. "पण पहिलीला आठवायचं तरी मला हिचंच नाव घ्यावं लागतं. फोटो नाही. वस्तू नाही. माहेरी तिला काय हाक मारत होते, तेवढं तरी मला कळू दे गं."

वडिलांना विचारलं तर ते म्हणत, तुला काय कमी आहे? मग तेही गेले. आजोळ कधीच उठून गेलं होतं, कुठे ते कुणाला माहीत नाही. काकांच्या हाती दोनच गोष्टी होत्या. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, आणि आईच्या वडिलांचं नाव, विष्णू गणेश जोशी. जत्रेत उभं राहून "अहो जोशी" म्हणून हाक मारण्यातलाच प्रकार! पण आई त्यांची एकुलती एक, एवढं मात्र काकांनी लहानपणी ऐकलं होतं. गावाची जुनी जन्मनोंद सापडली तर ती ओळखता येणार होती. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांना विमानप्रवास बंद केला होता. "तू पुण्याला जातेसच," ते म्हणाले. "तिथून तीन तास."

मी हो म्हणाले.

आता खरं सांगते. पहिल्या खेपेला मी गेलेच नाही. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यात दिराचं लग्न, सासूबाईंचे डोळे, माझे दात. दुसऱ्या खेपेलाही गेले नाही, आणि परत येऊन चक्क खोटं बोलले, कार्यालय बंद होतं म्हणून. काका म्हणाले, "हां, निवडणुका होत्या ना. सगळा स्टाफ तिकडे असणार." माझ्या खोट्याला त्यांनीच कारण शोधून दिलं. ते मला आजही सहन होत नाही.

तिसऱ्या खेपेला पुण्यात उतरल्यावर चौथ्याच दिवशी गेले. तहसील कचेरीतल्या दप्तराच्या खोलीत कारकून म्हणाला, "मॅडम, साल नक्की नाही म्हणता, म्हणजे सहा वह्या काढायला लागतील. बसा." त्याने काढल्याही. पण आतलं सगळं मोडी, आणि ते त्यालाही येत नव्हतं. त्याने एका निवृत्त मास्तरांना फोन केला. मास्तर स्वतःचं भिंग घेऊन सायकलवरून आले. ओळख ना पाळख, पण चार तास त्या धुळीत बसून त्यांनी ओळीवर बोट फिरवलं. चहापलीकडे काही घेतलं नाही. मी शेजारी बसून शिंकत होते आणि चार वाजता निघता येईल का, याचा विचार करत होते.

"विष्णू गणेश जोशी," मास्तर एकदम म्हणाले.

मी ताडकन उठले. "पुढे?"

"यांस मुलगी."

"हो, पण नाव?"

"नाव नाही. मुलगी, एवढंच आहे." मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "असंच असतं हो. गावचा कोतवाल चार दिवसांत नोंद घेऊन जायचा. बारसं बाराव्या दिवशी. नाव सांगायला परत कोण येणार?"

पुढच्या-मागच्या वह्यांत त्या जोशांच्या घरात दुसरी नोंद नव्हती. म्हणजे हीच. गावच्या शाळेचं जुनं दप्तर पुरात गेलं होतं. मी त्या ओळीचा फोटो काढला. परतीच्या एसटीत मला खूप रडू आलं, आणि कशासाठी ते नीट सांगता येत नव्हतं.

काकांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. एर्लांगेनला परतल्यावर त्यांच्या घरी गेले. घरभर खोकी होती. वृद्धाश्रमात जागा मिळाली होती, महिनाअखेरीला जायचं होतं. मी फोटो दाखवला. त्यांना मोडी येत नव्हती. "वाच," ते म्हणाले.

"विष्णू गणेश जोशी यांस मुलगी."

"पुढे?"

"पुढे काही नाही, काका."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता कोसळतात. मी मनातल्या मनात कोतवालाला, जोशांना, त्या बाराव्या दिवसाला, सगळ्यांना शिव्या देत होते. स्वतःलाही. दोन वर्षं आधी गेले असते, तर गावात तिला ओळखणारं कुणी म्हातारं भेटलं असतं का? कुणास ठाऊक.

"कोतवाल बारशाआधीच येऊन गेला म्हणायचा," काका म्हणाले. मग फोन परत देत, "अक्षर सुरेख आहे, नाही?"

एवढंच. चहा टाकला, माझ्या मुलीची चौकशी केली. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. वृद्धाश्रमात मी महिन्यातून एकदा जायचे, कधी तेवढंही नाही. नव्या आलेल्या बायकांना त्यांच्याबद्दल सांगावं, भेटायला घेऊन जावं, असं दर वेळी वाटायचं आणि राहून जायचं. फेब्रुवारीत एका सकाळी ते झोपेतच गेले.

त्यांचा मुलगा हॅम्बर्गहून आला. सामान न्यायला आम्ही दोघं बरोबर गेलो. तो खोलीच्या दारात उभा राहून नुसता बघत होता. एवढा मोठा माणूस, पण हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. काकांना सांभाळणारी नर्स एक जाड वही घेऊन आली. तिथे गेलेल्या प्रत्येकासाठी त्या वहीत एक पान लिहितात. दाखल होताना माणसाकडून एक माहितीचा फॉर्म भरून घेतात, आवडीनिवडी, घरची माणसं वगैरे. तो तिने समोर धरला होता. काकांनी स्वतः भरलेला, ड्रॉइंगवर लिहितात तशा ठसठशीत रोमन अक्षरांत.

"त्यांच्या आईचं नावही लिहावं म्हणते," ती म्हणाली. "खूप बोलायचे आईबद्दल. किती सुंदर नाव आहे, मी असं कधी ऐकलं नव्हतं." तिने फॉर्मवर बोट ठेवून सावकाश वाचलं. "मुल्गी. याचा काही अर्थ आहे का?"

मी तोंड उघडलं. कोतवाल, नोंद, बारसं, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं ते जुळवायला लागले.

मुलगा माझ्याआधी बोलला. त्याला मराठी सगळं कळत होतं.

"झो हीस माइने ओमा," तो म्हणाला. माझ्या आजीचं नाव होतं ते.

नर्सने मान डोलावली आणि वहीत लिहायला घेतलं. तो तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर बघत होता. तिने शेवटचा आय लिहून वर पाहिलं, बरोबर आहे ना, म्हणून. तो म्हणाला, हो, बरोबर आहे.