एका पायरीचं घर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मी भुसावळचं घर दलालाशिवाय, एकटीच्या हिमतीवर विकलं. नातेवाइकांत तो अजून कौतुकाने सांगतो. मी समोर बसून ऐकते. कधीकधी हसतेसुद्धा.

त्याची बदली धुळ्याला झाली, तो आधी गेला, आणि जाताना म्हणाला, विकायचं तुझं तू बघ. मी बघितलं. एका पत्र्यावर स्वतःच्या हाताने रंगवलं – घर विकणे आहे, मालकाशी थेट बोला, दलालांनी येऊ नये. तो पत्रा तारेने फाटकाला बांधला. तरी एक दलाल आलाच. पाणी प्यायला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, कोणीही चालेल की आपल्यातलंच पाहू?"

मी त्याला फाटक दाखवलं. म्हटलं, घर विटांचं आहे भाऊ, जातीचं नाही.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. इतकं की दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये मी ते नसीमला सांगितलं, दलालाची नक्कल करून. नसीम आणि मी दीपनगरच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी गणित. वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून डबा खाल्लेला. ती त्या दिवशी खूप हसली. मग म्हणाली, "मग आम्ही येऊ का बघायला?"

तिने एरवी विचारलं असतं का? मला नाही वाटत. माझ्या त्या वाक्याच्या भरवशावर तिने विचारलं.

तिचा नवरा वीजकेंद्रातून निवृत्त होत होता, क्वार्टर सोडायचं होतं. सासरे म्हातारे, गुडघे गेलेले. तळमजल्याचं घर हवं होतं, बस एवढंच. रविवारी सगळे आले. सासऱ्यांनी काठी टेकत अंगण ओलांडलं, एक पाय वर घेतला आणि घरात पोचले. मागे वळून पाहिलं. "एकच पायरी! हे घर माझ्या गुडघ्यांनी पसंत केलंय." मग लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. नसीमची मुलगी खिडक्यांची मापं घेत होती. किमतीवर आम्ही घासाघीससुद्धा केली नाही. इसाराचं तेवढं राहिलं – तिच्या नवऱ्याला बँकेत जायचं होतं.

संध्याकाळी शेजारच्या अक्का कुंपणाशी आल्या. अक्का मूळच्या पारोळ्याकडच्या. माझ्या बाळंतपणात त्यांनीच मला खाऊ घातलं होतं. शिवी नाही, धमकी नाही. एवढंच म्हणाल्या, "घर इक माय, पन शेजार पाहीसन इक. तुले काय, तू धुळाले चालनी. आम्हले आठेच ऱ्हानं शे."

आणि मी काय म्हटलं? विटांचं वाक्य म्हटलं? नाही. मी म्हटलं, बघते अक्का.

आता हे नीट सांगते, कारण इथेच मी नेहमी घाई करून पुढे जाते. मला कशाची भीती होती? मी महिनाभरात गाव सोडणार होते. अक्का माझं काहीही बिघडवू शकत नव्हत्या. जातेवेळी त्यांनी तोंड फिरवलं असतं, ओटी भरायला आल्या नसत्या – एवढंच. एवढ्यासाठी.

बँकेचं काम झाल्यावर नसीमने विचारलं, "इसार कधी देऊ?" स्टाफरूममध्ये, डबा उघडता उघडता. आणि मी म्हटलं, पितृपक्ष लागलाय गं, या दिवसांत आमच्यात असले व्यवहार करत नाहीत. घट बसले की लगेच.

मी पितृपक्ष मानत नाही. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तिथीला मी श्राद्ध घालत नाही, शाळेतल्या मुलांना जेवण देते. आदल्याच वर्षी त्या पंगतीत वरण वाढायला कोण होतं? नसीम. पदर खोचून. "तुमचा ब्राह्मण बेरोजगार केलास," असं मला चिडवत होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुमचे दिवस होऊ देत."

तिला तेव्हाच कळलं का? मी इतकी वर्षं हा प्रश्न उलटसुलट करून पाहते. कळलं असेल, तर ती मला लाज राखायला जागा देत होती. कळलं नसेल, तर ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. यातलं कमी वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही.

त्याच पंधरवड्यात रेल्वेतले एक गृहस्थ पाटी वाचून आले. आडनाव अक्कांना चालणारं. ते म्हणाले, मी पितृपक्ष वगैरे मानत नाही. मी म्हटलं, मीही नाही. आणि इसार घेतला. दलाल असता तर हे सगळं त्याच्या तोंडून झालं असतं. मला स्वतःच्या तोंडाने करावं लागलं, आणि जमलं.

घट बसले त्या सकाळी नसीमचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "झाले ना दिवस? संध्याकाळी येऊ?" मी म्हटलं, घर गेलं गं. यांनी धुळ्याहून परस्पर ठरवलं. – म्हणजे नवऱ्यावर ढकललं, तेही करून झालं.

ती म्हणाली, "चांगली माणसं आहेत ना?"

जाताना अक्का आल्या. ओटी भरली. मी वाकून नमस्कार केला.

नसीमला भुसावळमध्येच भाड्याने जागा मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. सासरे एकदा जिना चढले ते पुन्हा उतरले नाहीत. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याहून बसने गेले. अरुंद जिना, मध्येच वळण. नसीमच्या मुलीने मला सांगितलं – जनाजा त्या वळणावर वळेना, म्हणून आजोबांना चादरीत उचलून खाली आणलं. एवढ्या दिवसांत एकदाच खाली आले, असं ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, सहजच.

तेव्हा बोलायला हवं होतं. नसीम समोर होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या शाळेची चौकशी केली. पाणी प्यायले. बसची वेळ झाली म्हटलं.

ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. दिवा गेलेला होता. तिने माझं कोपर धरलं. "सांभाळून उतर गं. वळणावर पाय घसरतो."

मी सांभाळून उतरले.