रोल नसलेल्या कॅमेऱ्यातली पहिली फ्रेम

आधीच सांगून टाकतो, या पानावरचा सगळ्यात खवचट वाचक मीच असेन. इथले भुताखेतांचे अनुभव मी चवीने वाचतो आणि खाली ‘लाईट गेले असतील हो’ असं लिहून मोकळा होतो. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. अमावस्या कधी आली नि गेली हे कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माच्या दीक्षेत बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहितो.

आमचा स्टुडिओ कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत. एक खोली, एक निळा पडदा, एक काऊंटर. अण्णा लग्नाचे फोटो काढायचे, आणि पुढे मीही त्यांच्याच हाताखाली तयार झालो.

रोलचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत असेल – रोल भरल्यावर एकदोन क्लिक वाया घालवावे लागायचे, कारण फिल्मच्या टोकाला उजेड लागलेला असायचा. बाकीचे फोटोग्राफर ते क्लिक जमिनीकडे बघून उडवायचे. अण्णा मात्र तसं करत नसत. लग्नघरी गेलं की ते घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस शोधायचे, त्याला खुर्चीवर बसवायचे, स्वतः त्याच्या पायाशी उकिडवे बसायचे आणि ती पहिली फ्रेम त्या माणसाची काढायचे. नवरा-नवरीचा फोटो त्यानंतर. “म्हाताऱ्या माणसाचा फोटो वरनं काढायचा न्हाय,” असं त्यांचं म्हणणं. फ्रेम टोकाची असल्यामुळे बऱ्याचदा डावी बाजू जळून पांढरी व्हायची आणि त्या पांढऱ्याच्या कडेला शेगडीतल्या निखाऱ्यासारखी नारिंगी रेघ उमटायची. अण्णा तेवढा भाग कापून फोटो फुकटच देऊन टाकायचे. पंचगंगेच्या काठाने गावोगावी आजही भिंतीवर असे अरुंद फोटो दिसतात. हार घातलेले. बहुतेकांचा आयुष्यातला तो एकुलता एक फोटो.

२००६ साली मी रोल सोडला. नवा डिजिटल झेपणारा नव्हता, म्हणून पुण्यातून एक वापरलेला घेतला. दुकानदार म्हणाला, “सेकंड हॅन्ड म्हणू नका साहेब, रिफर्बिश्ड म्हणा. कंपनीनं आतून नवा केलाय.” मी हरखून गेलो होतो. अण्णांनी कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यांचे हात तोवर कापायला लागले होते, लग्नं त्यांनी सोडली होती.

“रोल कुठनं भरायचा?”

“रोलच नाही अण्णा. कार्ड आहे. शेकडो फोटो बसतात.”

“मग थोरल्या माणसाचा फोटो कवा काढायचा?”

“कधीही. कितीही काढता येतात आता!”

अण्णा हसले. “कितीबी काढता येतंय म्हटल्यावर एकबी निघत न्हाय बघ.”

मला वाटलं, म्हातारपण बोलतंय.

मे महिन्यात कुरुंदवाडला लग्न होतं. नवरा मुलगा विश्वास, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. आई तो पाळण्यात असतानाच गेली, आणि त्याला वाढवलं त्याच्या आत्याने. तिला सगळा गाव पारूअक्का म्हणायचा. मी मांडवात शिरलो तर अक्का दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तयार बसलेली. पांढरं कोरं लुगडं, केसांना तेल, हात मांडीवर. अण्णांनी त्या गावात पूर्वी लग्नांचे फोटो काढलेले, पद्धत तिला ठाऊक होती.

“पावणं, पयला फोटो थोरल्याचा असतोय न्हवं?”

“हो अक्का, बसा. आलोच,” मी म्हणालो.

तेवढ्यात आतून हाक आली, बुद्धवंदना सुरू झाली, मग हार, मग स्टेजवर पाहुण्यांची रांग. नवा कॅमेरा, स्क्रीनवर फोटो लगेच दिसतोय, पोरी बघायला घोळका करतायत... मी नुसता वाहवत गेलो. दुपारी जेवून परत निघालो. अक्का माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. इथे सबब सांगत नाही. विसरलो, एवढंच.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराच्या सुमारास विश्वास स्टुडिओत आला. अण्णा नेहमीच्या खुर्चीत पेपर वाचत होते.

“अक्का गेली,” तो म्हणाला. “झोपेतच. आयतवारी पुण्यानुमोदन हाय. टेबलावर ठेवाय फोटो पायजे.”

दाराशी खुर्चीवर बसलेली अक्का मला आत्ता आठवली. तो सांगतच होता, “घरात तिचा एकबी फोटो न्हाय. मतदानाच्या कार्डावर नुसता काळा डाग उमटलाय. जल्मभर चुलीम्होरं, कोण काढणार? पर लग्नात तुम्ही काढलाय न्हवं, तेवढा मोठा करून द्या.”

“मी?” माझ्या तोंडून निघालं.

“व्हय की. जेवणं उठंपतूर खुर्चीवरनं हलली न्हाय. फोटोवाला येतो म्हणलाय, म्हणायची. मी म्हणलं, येत न्हाय त्यो, ऊठ आता. संध्याकाळी बघतोय तर लई खुशीत. म्हणाली, काढला की! पायाशी बसून काढला, लई गुणाचा माणूस हाय.”

मी मान खाली घातली. अक्काने माझी लाज राखली होती, किंवा स्वतःची. चारचौघांत दुपारभर वाट बघून उठावं लागलं, तर माणूस असंच सांगणार. त्या क्षणी मला स्वतःची इतकी शिसारी आली की काय सांगू.

विश्वासला बसवून मी कॉम्प्युटर लावला. त्या लग्नाचे सगळे फोटो एकेक करून बघितले. एका फोटोत खुर्चीचा पाय. एकात लुगड्याचा पदर, बस्स. अक्का कुठेच नाही. विश्वास माझ्या खांद्यावरून बघत होता आणि प्रत्येक फोटोला “आता ईल” म्हणत होता.

“कॅमेऱ्यात बघ,” अण्णा पेपरातून म्हणाले.

“अण्णा, ते कार्ड पुसून त्यावर तीन लग्नं झालीत. काही नाही त्यात.”

“बघ तर.”

विश्वासच्या तोंडावर नाही म्हणायचा धीर होत नव्हता, म्हणून केवळ वेळ काढायला मी कॅमेरा चालू केला. आदल्या दिवशीचं लग्न होतं. मागे मागे जात त्याच्या पहिल्या फोटोपर्यंत आलो. आता आणखी मागचं बटण दाबलं की हा कॅमेरा गोल फिरून शेवटच्या फोटोवर जातो. शंभरदा केलंय. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर पारूअक्का होती.

पांढरं लुगडं, हात मांडीवर. हसत होती... आणि तिची नजर किंचित खाली, पायाशी बसलेल्या माणसाकडे बघावं तशी. फोटोची डावी बाजू जळून पांढरी झालेली. कडेला नारिंगी रेघ.

ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगायला नको. तशी जळायला फिल्म लागते. या कॅमेऱ्यात जळायला काही नव्हतंच. फोटोचा नंबर चार शून्यं. हा कॅमेरा एकपासून मोजतो. तारीख नाही, वेळ नाही.

विश्वास काही विचारत बसला नाही. दोन्ही हातांनी कॅमेरा धरून “अक्का... अक्का...” करत लहान पोरासारखा रडला. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, आणि तेव्हा मागचं दिसलं. अक्काच्या खांद्यामागे, लांब, स्टेज. स्टेजवर हार घातलेला विश्वास आणि त्याची बायको. त्यांच्यासमोर पाठमोरा, चौकड्याच्या शर्टात, हाच कॅमेरा डोळ्याला लावून उभा असलेला... मी.

मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. आवाज न करता उभं राहावं असं वाटत होतं.

अण्णा उठून आले. भिंग लावून बराच वेळ बघितलं. “खाली बसून काढलाय,” एवढंच म्हणाले.

“अण्णा, तुम्ही त्या दिवशी...”

“मी हितंच हुतो की, ह्या खुर्चीत. आन् माझं गुडघं वाकत्यात व्हय आता?”

प्रिंट काढल्यावर मी सवयीने जळलेली बाजू कापायला कटर घेतला. विश्वासने माझा हात धरला. “ऱ्हाऊ दे. हाय तसाच दे.” तो फोटो आजही त्याच्या घरी पुरा आहे, पांढऱ्या बाजूसकट.

नंतर मी खूप डोकं फोडलं. जाणकारांना फाईल दाखवली. कुणी म्हणालं, जुन्या मालकाचा फोटो राहिला असेल. पण त्यात मी कसा? कुणी म्हणालं, कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलाय. पण तो मी आधी कॅमेऱ्यात बघितला, दोघांदेखत. भुताखेतांवर माझा विश्वास अजूनही नाही, आणि खाली कुणी ‘लाईट गेले असतील’ लिहिलं तर मी रागावणार नाही.

फक्त आता लग्नघरी गेलो की आधी खुर्ची मांडतो, खाली बसतो आणि थोरल्या माणसाचा एक फोटो काढतो. अक्काला मी ‘आलोच’ म्हणालो होतो. ती जेवणं उठेपर्यंत माझी वाट बघत बसली. मी गेलो नाही, पण कुणीतरी गेलं.