सहा नंबरचा ग्रॅनोला

डॉक्टरांनी माझा वडापाव बंद केला आणि मुलीनं पुण्याहून ग्रॅनोलाचं पाकीट पाठवलं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर निम्मं आयुष्य काढलेला माणूस. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटसमोर दोन वडापाव, हा माझा नाश्ता. त्या जागी आता वाटीभर भाजलेले ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया आणि वरून दूध. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी पाकीट संपलं. कोपऱ्यातला चुरा मी बोट लावून खात होतो, तेवढ्यात बायको आली.

तिनं पाकीट उलटं करून किंमत वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"अहो, हे आपण घरी करू. चिवडाच तर आहे, फोडणी विसरलेला."

पहिला घाणा कढईत केला. गूळ जरा जास्त झाला आणि सगळं मिळून अशी वडी जमली, की ती फोडायला मी टूलबॉक्समधली हातोडी काढली. दुसरा घाणा कुकरमध्ये, शिटी काढून. त्याचा उपमा झाला. गोड उपमा. मुलीनं व्हिडिओ कॉलवर तो पाहिला. मग म्हणाली, "पप्पा, ओव्हन लागतो."

ओव्हन आमच्याकडे नाही. आमच्या बदलापूरच्या मांजर्लीतल्या सोसायटीत तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होता, तो पुराच्या पाण्यात गेला. पण बायकोचं माहेर उल्हासनगर कॅम्प चारचं. लहानपणी दिवाळी आली की शेजारच्या सिंधी मावशींबरोबर ती बेकरीत जायची. पीठ घरून न्यायचं, ट्रेमध्ये नानखटाया थापायच्या आणि बेकरीवाला त्या भट्टीत भाजून द्यायचा. ती बेकरी अजून चालू होती.

"नानखटाई भाजतात, तर हेही भाजतील," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात खीर केली होती, तिचे उरलेले बदाम आम्ही कापून घातले. ओट्स, बिया, गुळाचं पाणी, थोडं तेल असं कालवून मोठी परात भरली, वर टॉवेल बांधला आणि स्कूटरवरून निघालो. परात मागे बायकोच्या मांडीवर. अंबरनाथच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, रुखवत कुठं चाललंय?" बायको म्हणाली, "ग्रॅनोला आहे." तेवढ्यावर तो समजल्यासारखी मान हलवून निघून गेला.

बेकरीत जत्रा भरली होती. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठनी टॉवेल उचलून पाहिलं.

"ये क्या है?"

"ग्रॅनोला."

"किसका?"

"किसीका नहीं शेठ, ग्रॅनोला. ओट्स है."

शेठनी दोन बोटांत उचलून वास घेतला. "साईं, ये तो घोड़े का खाना है. इसको भूनना क्यों है? घोड़ा तो कच्चा खाता है."

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. "डॉक्टरने बोला है." शेठनी माझ्याकडे इतक्या हळहळीनं पाहिलं, की मलाच वाटलं माझं काहीतरी फार गंभीर आहे. त्यांनी लगेच एक ट्रे दिला आणि त्याला पत्र्याचा बिल्ला अडकवला. सहा नंबर.

ट्रे भट्टीत गेल्यावर दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "हलवायला पाहिजे."

कारागीर म्हणाला, "भाभी, नानखटाई कोई हिलाता है क्या?"

"ही नानखटाई नाही."

शेवटी तिनं ओढणी कंबरेला खोचली, लांब दांड्याचं फावडं घेतलं आणि भट्टीच्या तोंडाशी उभी राहून स्वतः हलवलं. तीनदा. रांगेतल्या बायका फोन काढून तिचे फोटो घेत होत्या. मी बाजूला उभा राहून, ही कोण बाई आहे मला माहीत नाही, असा चेहरा करून होतो.

भाजून झाल्यावर कारागिरानं ट्रेवर वर्तमानपत्र झाकलं आणि गार व्हायला फळीवर ठेवला. आम्ही समोर चहा प्यायला गेलो. परत येऊन बिल्ला बघून ट्रे उचलला, बाहेर कट्ट्यावर ठेवला आणि मी कागद वर केला.

आत नानखटाया होत्या. पिवळ्या, वर पिस्ता लावलेल्या, अजून कोमट.

"बघू तर, कुणाच्या आहेत," असं म्हणून मी एक खाल्ली. खाऊन कळलं नाही, म्हणून दुसरी खाल्ली. बायको ओरडली, "अहो, लाज?" आणि तिनंही एक घेतली. बिल्ला निरखून पाहिला तेव्हा घोळ कळला. तो नऊ नंबरचा होता आणि उलटा लटकला होता. आमचा सहा नंबर घेऊन नऊ नंबरवालं कुणीतरी गेलं होतं.

शेठ अजिबात डगमगले नाहीत. "छह और नौ भाई-भाई हैं. पीछे बैरक में जाओ, हरा दरवाज़ा. अम्मा ले गई होगी."

ट्रे आमच्या रिकाम्या परातीवर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि आम्ही मागच्या जुन्या लष्करी बराकीत हिरवा दरवाजा शोधत निघालो. दार उघडंच होतं. आत पलंगावर, खुर्च्यांवर, खाली चटईवर सात-आठ सिंधी बायका बसल्या होत्या. मधोमध स्टीलचा टोप आणि त्यात आमचा ग्रॅनोला. त्यावर बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि शेव. एक आजी त्यावर लिंबू पिळत होत्या.

बायको दारातच म्हणाली, "अरे देवा, भेळ केली!"

लिंबू पिळणाऱ्या आजींनी वर पाहिलं. "कौन?"

मी ट्रे पुढे केला. "अम्मा, ये आपकी नानखटाई. और वो... हमारा है."

प्रत्येकीच्या हातात बशी होती आणि बहुतेकींच्या तोंडात घास. मग एक जाड चष्म्याच्या बाई घास गिळून म्हणाल्या, "मैं बोल रही थी ना, ये सेठ का नया आइटम नहीं है!"

अम्मांनी ट्रेवरचा कागद काढला. एका कोपऱ्यात तीन नानखटायांची मोकळी जागा लख्ख दिसत होती.

"चूहे लगे क्या?"

"हां अम्मा," मी म्हणालो. "दो चूहे."

अम्मा इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातलं लिंबू पलंगाखाली घरंगळलं. मग आमच्यासमोर आधी पापड आणि पाणी आलं आणि मग आमच्याच ग्रॅनोलाच्या दोन बशा. मी भीत भीत चमचा तोंडात घातला. गूळ, कांदा, लिंबू, मध्येच बदाम. खोटं कशाला सांगू, चांगलं लागत होतं. बायकोनं दुसऱ्यांदा घेतलं आणि वर सांगितलं, "थोडी हिरवी मिरची चाहिए थी." बायकांनी माना डोलावल्या. तिला पलंगावर जागा मिळाली. मी चटईवरच.

मग कृती सांगणं सुरू झालं. बायको प्रमाण सांगत होती, अम्मा प्रत्येक वाक्यावर "भली, भली" म्हणत होत्या आणि स्वतःची दुरुस्ती घालत होत्या. गुळाऐवजी साखरेचा पाक. तेलाऐवजी साजूक तूप. जरा जास्त तूप. वर खसखस, सुकं खोबरं, काजू. ओट्स जरा कमी. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, ओट्स नाही घातले तरी चालेल. अर्ध्या तासात डॉक्टरांनी जे जे बंद केलं होतं ते सगळं ग्रॅनोलात आलं आणि मी एकाही गोष्टीला हरकत घेतली नाही.

निघताना टोपात काहीच उरलं नव्हतं. अम्मांनी आमची परात नानखटायांनी भरली, वर टॉवेल स्वतः बांधला आणि बायकोला सांगितलं, "दिवाळी के बाद हम सब बदलापुर आएंगे. तुम्हारे घर बनाएंगे."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते. पण भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी खाली दोन रिक्षा थांबल्या आणि त्यातून सहा जणी उतरल्या. एकीच्या हातात तुपाचा डबा होता, दुसरीच्या डोक्यावर इलेक्ट्रिक ओव्हन. सोसायटीचा वॉचमन तो ओव्हन उचलायला धावला, तर अम्मांनी त्याला बाजूला सारलं आणि मलाच हाक मारली, "चूहा, इधर आ, पकड़!"

मी पकडला आणि तीन जिने चढलो.